वडिलांएवढे जेवणारा मुलगा उपाशी कसा?

९ जुलै २०२४ रोजी म्युनिकमध्ये युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात लामिन यामालने फ्रान्सविरुद्ध गोल केला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. त्याचा सतरावा वाढदिवस अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आला. त्या गोलची चित्रफीत आपल्याकडेही घरोघरी पाहिली गेली आणि फुटबॉल खेळणारी मुले असलेल्या घरांत एक जुना प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला, की अजून वाढ पूर्ण न झालेले शरीर मोठ्यांचा खेळ खेळते, तेव्हा त्याला खायला काय आणि किती द्यायचे?

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. कोल्हापुरात पेठांच्या आणि तालमींच्या संघांचे सामने पाहायला शाहू स्टेडियम भरते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुण्यात बालेवाडीला, नवी मुंबईत आणि गोव्यात निवासी किंवा अर्धनिवासी प्रशिक्षण घेणारी मुले आठवड्यातले पाच-सहा दिवस सराव करतात. त्यांच्या पालकांशी बोलताना पहिला प्रश्न बहुतेक वेळा प्रथिनांच्या पावडरीबद्दल येतो. माझ्या मते पहिला प्रश्न त्याहून साधा असायला हवा: या मुलाच्या पोटात दिवसभरात पुरेसे अन्न जाते का, आणि ते योग्य वेळी जाते का? पुष्कळ घरांत या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असे असते, आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही.

पगार, हप्ता आणि घरखर्च

समजा, एका घरात महिन्याला ठरावीक पगार येतो आणि त्यातून आधी कर्जाचा हप्ता कापला जातो. घर चालते ते हप्ता गेल्यावर उरलेल्या पैशांवर. किराणा, वीजबिल, औषधपाणी, गळक्या छपराची दुरुस्ती, हे सगळे त्या उरलेल्या रकमेतून करायचे असते. खेळाडूच्या शरीराचा व्यवहारही असाच चालतो. अन्न हा पगार, सराव हा हप्ता, आणि उरलेल्या ऊर्जेवर हृदय, मेंदू, पचन, रोगप्रतिकार, झीज भरून काढणे आणि वाढ ही सारी कामे चालतात. सरावाचा खर्च वजा जाता शरीराच्या हाती उरणाऱ्या या ऊर्जेला ‘ऊर्जा-उपलब्धता’ म्हणतात. ती शरीराच्या चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे मोजली जाते. निरोगी शरीराला दर किलोमागे दिवसाला सुमारे ४५ किलोकॅलरी लागतात आणि ३० च्या खाली बराच काळ राहिल्यास बिघाड दिसू लागतात, असा ढोबळ ठोकताळा आहे. हे आकडे मुख्यतः प्रौढ स्त्रियांवरील प्रयोगांतून आले आहेत, त्यामुळे ३० ही लक्ष्मणरेषा मानू नये; पण दिशा समजण्यासाठी ते उपयोगी पडतात.

आता एक उदाहरण घेऊ. १५ वर्षांचा मुलगा आहे, वजन ५५ किलो, आणि त्यातले चरबीविरहित वजन साधारण ४८ किलो. संध्याकाळच्या दोन तासांच्या सरावात तो ७५० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा खर्च करतो. त्याचे वडील कार्यालयात बैठे काम करतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० किलोकॅलरी पुरतात. मुलगा वडिलांच्या पंगतीला बसतो, त्यांच्याएवढेच जेवतो, आणि आईला वाटते, पोरगा छान जेवतो. पण २,११० मधून ७५० वजा केल्यावर उरतात १,३६०, आणि त्यांना ४८ ने भागले की येतात जेमतेम २८. वडिलांचे पोट ज्या ताटाने भरते, त्याच ताटावर मुलाचे शरीर तुटीत चालले आहे. शिवाय वडिलांची उंची आता वाढत नाही, मुलाची वाढते आहे.

इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या एका क्लबच्या अकादमीत खेळणाऱ्या मुलांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च संशोधकांनी दोन आठवडे मोजला होता. त्यासाठी मुलांना विशिष्ट प्रकारचे, पूर्णपणे निर्धोक पाणी पाजून त्यांच्या लघवीचे नमुने तपासले गेले. ही पद्धत आज सर्वांत भरवशाची मानली जाते. १२-१३ वर्षांच्या गटाचा सरासरी खर्च दिवसाला सुमारे २,८५० किलोकॅलरी निघाला, १५ वर्षांखालील गटाचा सुमारे ३,०००, आणि १८ वर्षांखालील गटाचा सुमारे ३,६००. या सरासरीच्या आड मुलामुलांतला फरक फार मोठा होता, आणि मोठ्या गटातल्या एकाचा खर्च तर ५,००० च्याही पुढे गेला होता. म्हणूनच ‘फुटबॉलपटूचा तक्ता’ म्हणून भिंतीवर चिकटवलेला एकच कागद साऱ्या संघाला लागू पडत नाही.

तूट पडली की शरीर कशावर कात्री लावते?

पैसे कमी पडले की कोणतेही घर वीजबिल आणि किराणा आधी भागवते, आणि छपराची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलते. शरीरही तेच करते. हृदय आणि मेंदू चालू ठेवून ते वाढ, हाडांची बांधणी, प्रजननाची संप्रेरके आणि रोगप्रतिकार यांवरचा खर्च आखडता घेते. या अवस्थेला ‘रेड्स’ (‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट’, म्हणजे खेळातील सापेक्ष ऊर्जा-तूट) हे संक्षिप्त नाव आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ही संकल्पना मांडली आणि नंतर दोनदा ती सुधारली. मुलीची पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही तिची ठळक खूण असते. मुलांमध्ये इतकी स्पष्ट खूण नसते, म्हणून ही अवस्था अधिक काळ लपून राहते. वारंवार सर्दी-ताप, जुनी दुखापत भरून न येणे, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, सराव करूनही वेग न वाढणे, अशी तिची लक्षणे विखुरलेली असतात आणि प्रत्येकाला वेगळे निमित्त सापडते.

मला सर्वांत जास्त काळजी हाडांची वाटते. मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास उंची सर्वांत झपाट्याने वाढते. त्या काळाच्या मागच्यापुढच्या दोन वर्षांत प्रौढ हाडांतील खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा साठवला जातो. बँकेत मुदत ठेव टाकण्याची खिडकी आयुष्यात एकदाच आणि दोनच वर्षे उघडी असावी, तसा हा प्रकार आहे. नेमक्या त्याच वयात मुलगा जिल्हा संघात निवडला जातो, सराव दुप्पट होतो, आणि डबा मात्र सातवीत होता तेवढाच राहतो. पायाच्या हाडाला बारीक तडा जाण्याच्या काही दुखापतींचे मूळ मैदानाइतकेच स्वयंपाकघरातही असू शकते.

टाकी आणि विहीर

किती खावे हे पाहिल्यावर काय खावे याकडे वळू. शरीरात इंधनाचे दोन साठे असतात. चरबी ही विहीर आहे: पाणी भरपूर, पण मोटर लहान, त्यामुळे धार बारीक. ग्लायकोजेन ही गच्चीवरची टाकी आहे: पाणी मोजके, पण तोटी सोडली की धो धो धार. भात, भाकरी, पोळी, पोहे, बटाटा, केळे, गूळ यांतून मिळणारी कर्बोदके स्नायूंत आणि यकृतात या ग्लायकोजेनच्या रूपात साठतात. प्रौढ खेळाडूत हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. चालणे आणि हळू पळणे विहिरीवर भागते, पण चेंडूमागे घेतलेली धाव, हवेतली उडी आणि शेवटच्या दहा मिनिटांतला झपाटा टाकीवर चालतो.

टाकी अर्धी असताना काय होते, हे स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी १९७३ मध्येच दाखवले होते. त्यांनी पाहिलेले खेळाडू मोजकेच होते, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. साठा पुरेसा असलेल्या खेळाडूंनी सामन्यात सुमारे १२ किलोमीटर अंतर कापले, तर साठा कमी असलेल्यांनी १० किलोमीटरही पूर्ण केले नाहीत. शिवाय त्यांनी त्यातले निम्मे अंतर चालत काढले. मैदानाबाहेरून पाहणारा अशा मुलाला ‘जीव तोडून खेळत नाही’ असे म्हणतो. अनेकदा तो मुलगा आळशी नसतो, त्याची टाकी रिकामी असते.

ही टाकी एका जेवणात भरत नाही. सामन्यानंतर ती पूर्ववत व्हायला दोन ते तीन दिवस लागू शकतात, आणि सुब्रतो चषकासारख्या आंतरशालेय स्पर्धांत सामने एकामागून एक येतात. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या तज्ज्ञगटाने सामन्याच्या आदल्या दिवशी आणि सामन्याच्या दिवशी दर किलो वजनामागे ६ ते ८ ग्रॅम कर्बोदके सुचवली आहेत. ५५ किलोच्या मुलासाठी हे किमान ३३० ग्रॅम होतात. मध्यम आकाराच्या पोळीतून साधारण २० ग्रॅम, ज्वारीच्या भाकरीतून ४०, वाटीभर भातातून ४० आणि केळ्यातून २० ते २५ ग्रॅम मिळतात. म्हणजे दिवसभरात सहा पोळ्या, दोन वाट्या भात, बशीभर पोहे, दोन केळी आणि वर थोडा गूळ किंवा खजूर. रात्री भात खाऊ नये, भाताने पोट सुटते, असा सल्ला बैठ्या प्रौढांसाठी निघाला असेल. संध्याकाळी दोन तास धावून आलेल्या मुलाच्या ताटातून भात काढून घेणे हा अन्याय आहे.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. पहाटे साडेपाचला घर सोडणारे मूल चहा-बिस्किटावर सराव करते, तसेच शाळेत जाते, मधल्या सुट्टीत दोन पोळ्या आणि भाजी खाते, चार वाजता पुन्हा मैदानावर उतरते आणि रात्री नऊला पहिल्यांदा पोटभर जेवते. दिवसाची बेरीज कदाचित बरी येईलही, पण गरजेच्या प्रत्येक वेळी टाकी कोरडी असते. यावरचा उपाय खर्चिक नाही. निघण्यापूर्वी एक केळे किंवा गूळ-पोळी, सरावानंतर अर्ध्या-एक तासात शाळेच्या वाटेवर दूध आणि शेंगदाण्याची चिक्की किंवा उकडलेली अंडी, आणि दप्तरात एक दुसरा डबा. हा दुसरा डबा हाच मला साऱ्या आहारनियोजनातला सर्वांत महत्त्वाचा बदल वाटतो. सामन्याच्या दिवशी मुख्य जेवण तीन-चार तास आधी व्हावे. ते ओळखीचे आणि कमी तेलकट असावे. त्या दिवशी नवा पदार्थ करून पाहू नये.

पैलवानाचा खुराक चालणार नाही का?

ही शंका कोल्हापुरात हमखास निघते, आणि ती रास्त आहे. तिथले फुटबॉल संघ तालमींच्या मातीतच वाढले. दूध, तूप, बदाम, थंडाई आणि मटण या खुराकावर पिढ्या पोसल्या गेल्या. त्या खुराकात ताकद आहेच. मात्र कुस्ती मिनिटांत संपते आणि पैलवानाला वजन व पकड लागते, तर फुटबॉलपटूला दीड तास पळायचे असते. तुपाने विहीर भरते, टाकी भरत नाही. शिवाय स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात, म्हणून सामन्याआधी तांबडा-पांढरा रस्सा भुरकून मैदानात उतरणे जड जाते. तोच रस्सा सामन्यानंतर, भाकरी आणि भाताबरोबर, अगदी योग्य आहे. कोल्हापुरात कट्ट्यावर समोर काढून मिळणाऱ्या धारोष्ण दुधाला तर मी पूर्ण मार्क देईन: त्यात प्रथिने आहेत, साखर आहे, पाणी आहे, कॅल्शियम आहे. तेवढे ते तापवून घ्यावे, कारण कच्च्या दुधातून होणारा संसर्ग स्पर्धेच्या काळात परवडणारा नसतो.

मांसाहार नसेल तर प्रथिने कुठून येणार?

१३ ते १५ वर्षांच्या मुलासाठी राष्ट्रीय शिफारस दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनांची आहे. कठोर सराव करणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे साधारण १.४ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोला ७७ ते ८८ ग्रॅम लागतात. आकडा मोठा वाटतो, पण अर्धा लिटर दुधातून १६, मटकीच्या किंवा चवळीच्या मोठ्या वाटीभर उसळीतून १२, वरणातून ७, मूठभर शेंगदाण्यांतून ८ आणि सहा पोळ्यांतून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. हे ६३ झाले. दोन अंडी चालत असतील तर आणखी १२. चालत नसतील तर पनीर, दही किंवा सोयाबीन. डाळ आणि धान्य एकत्र खाल्ले की एकात कमी असलेला प्रथिनांचा घटक दुसऱ्यातून मिळतो, म्हणून वरणभात आणि उसळ-भाकरी या जोड्या शास्त्राच्या कसोटीलाही उतरतात. अट एकच, की प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात न कोंबता दिवसभर विभागून यावीत. आणि दुधाची सोय नसेल किंवा ते पचत नसेल, तर नाचणी विसरू नये. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

मुलींच्या ताटातले लोह

२०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला आणि त्याचे सामने मडगाव व नवी मुंबईतही खेळले गेले. त्यानंतर मैदानावर येणाऱ्या मुलींबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. लोह हे रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा गाभा आहे. ते कमी असताना धावणे म्हणजे निम्म्या बैलांनी पूर्ण नांगरट करणे. १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, आणि पाळीतून होणारा रक्तस्राव व सरावाचा ताण हे दोन्ही त्याची गरज वाढवतात.

इथे आपली एक सवय आड येते. पोह्यांबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह नीट शोषू देत नाही. चहा तासभर पुढे ढकलावा आणि उसळीवर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली टाकून देतात, ती घ्यावी. त्याहून अधिक मात्रेच्या गोळ्या मात्र रक्ततपासणी करून डॉक्टरांनी दिल्या तरच घ्याव्यात, कारण शरीरात जादा साठलेले लोहही हानी करते.

पावडर घ्यायची की नाही?

वरचा हिशेब जमत असेल तर गरज नाही. प्रथिनांची पावडर हे शेवटी दुधापासून किंवा सोयाबीनपासून काढलेले महाग अन्नच आहे. ज्या मुलाला ७०० किलोकॅलरींची तूट आहे, त्याला पावडरीचा एक चमचा दिला तर त्यातली बरीच प्रथिने स्नायू बांधण्याऐवजी जळणासाठीच वापरली जातात. घर बांधायला आणलेले सागवान चुलीत घालण्यासारखे ते होते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. बाजारातल्या काही पूरक उत्पादनांत लेबलावर न लिहिलेली, खेळात बंदी असलेली द्रव्ये आढळली आहेत. उत्तेजक-चाचणीचा नियम कडक आहे: शरीरात द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूची, ते कुणी दिले हे नंतर. वय कमी असल्याचा विचार शिक्षा ठरवताना होतो, पण चाचणी आणि ठपका टळत नाही. व्यायामशाळेतल्या ओळखीच्या दादाने दिलेला डबा म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. ऊर्जापेयांच्या डब्यावर तर ती मुलांसाठी योग्य नाहीत असे छापलेलेच असते.

घामाने गेलेले पाणी आणि मीठ भरून काढायला लिंबू-साखर-मिठाचे सरबत, ताक किंवा कोकम सरबत पुरते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते आणि आणखी घाम गाळते. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहावे. ५५ किलोच्या मुलाचे वजन एक किलोहून अधिक उतरत असेल तर तो पाणी कमी पितो आहे.

उपवासाबद्दलही पालक विचारतात. कडक सराव किंवा सामना असेल त्या दिवशी वाढत्या मुलाने उपवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रद्धेचा भाग म्हणून करायचाच असेल तर केवळ साबुदाण्यावर राहू नये, कारण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे; दाण्याचा कूट, दूध, दही, राजगिरा, रताळी आणि केळी यांची जोड द्यावी.

एवढे खाऊन वजन वाढले तर?

वाढायलाच हवे. १४ वर्षांच्या मुलाची उंची वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर वाढत असताना वजन स्थिर राहिले, तर ती काळजीची बाब आहे. काही मुलांची कंबर उंची वाढण्याच्या थोडे आधी भरते आणि मग उंची झपाट्याने सुटते. नेमक्या त्या काही महिन्यांत प्रशिक्षकाने ‘जाड झालास’ असे चारचौघांत म्हटले, की मुलगा, आणि त्याहून अधिक वेळा मुलगी, जेवण तोडू लागते. संघासमोर वजन करण्याची आणि त्यावर शेरे मारण्याची पद्धत बंद व्हावी, असे मला मनापासून वाटते. अकादमीत वजन घ्यायचेच असेल तर ते खासगीत घ्यावे, उंचीबरोबर पाहावे आणि पालकांना कळवावे.

घरी करता येण्याजोगी तपासणी फार सोपी आहे. दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, मुलाला अनवाणी उभे करून दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करावी आणि शेजारी तारीख व वजन लिहावे. खुणांमधले अंतर अचानक वाढले, तर वाढीचा झपाटा सुरू झाला आहे. ताटात एक भाकरी आणि दप्तरात दुसरा डबा त्याच आठवड्यापासून वाढवावा, आणि सराव त्या काळात थोडा सैल करता येईल का, हे प्रशिक्षकांना विचारावे. खुणा एकमेकींना चिकटू लागल्या, वजन उतरले, मुलीची पाळी तीन महिने आली नाही किंवा तेच दुखणे पुन्हा पुन्हा उलटले, तर चौकटीवरच्या त्या नोंदींचा फोटो घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे.